जास्वंदाचा चहा आणि सासूबाईंची गोळी

प्रश्न : सिस्टरबाई, नमस्कार. आमच्या बचत गटातल्या बायकांच्या घरोघरी सध्या जास्वंदाच्या फुलांचा चहा उकळतो आहे. त्यानं बीपी उतरतं, रक्त वाढतं असं सगळ्या सांगतात. माझ्या सासूबाई अंगणातली फुलं रोज उकळून पितात आणि दिवाळीपासून त्यांनी बीपीची गोळी बंद केली आहे. विचारलं तर म्हणतात, "मले काईच होत नाई." धाकट्या जावेला पाचवा महिना आहे. तिला रक्त कमी सांगितलंय, म्हणून तिलाही पाजायचं म्हणतात. पाजावं का?
— एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी गोळीचं बघा. उद्याच सासूबाईंना उपकेंद्रावर न्या, बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू करा. "मले काईच होत नाई" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. बीपी वाढलं तरी बहुतेकांना खरंच काही होत नाही, डोकंसुद्धा दुखत नाही. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. लकवा मारलेल्या माणसाच्या घरी गेले की खाटेजवळच्या कोनाड्यात धूळ बसलेली गोळ्यांची अर्धी पट्टी मला कितीदा तरी दिसली आहे.

बायका सांगतात ते अगदीच निराधार नाही. पण बीपीसाठी ज्या चहाचं नाव झालं, तो जास्वंदाचा नाही; आपल्या लाल अंबाडीचा आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणून घोटाळा होतो. सुदान आणि इजिप्तमध्ये अंबाडीच्या लाल फुलांचा चहा पूर्वापार पितात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली ६५ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला. त्यांचं वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी उतरलं. तशाच चवीचं दुसरं पेय घेणाऱ्यांचं जेमतेम १ अंकानं. पण ही माणसं बीपी थोडंसंच वाढलेली होती. वरचा आकडा १७० असेल तर ७ अंकांनी काय भागणार? गोळीसोबत अधूनमधून अंबाडीचं सरबत घेतलं तर हरकत नाही. रोज कपावर कप घ्यायचा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, बीपी नको तितकं खाली यायला नको.

जावेला मात्र यातलं काहीही पाजू नका. उंदरांवरच्या प्रयोगांत जास्वंदाच्या फुलांच्या अर्कानं गर्भधारणेत अडथळा आल्याचं दिसलं आहे, आणि पोटुशीनं अंबाडीचा चहाही टाळावा असंच जाणकार सांगतात. आणि लाल प्यायलं की रक्त वाढतं, ही समजूत तर मी गावोगाव ऐकली. बीट, डाळिंब, आता हा चहा. अहो, तो फुलाचा रंग आहे, त्याचा रक्ताशी काही संबंध नाही! जावेला उपकेंद्रातून मिळणारी लोहाची गोळी नेमानं द्या, चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल. आपल्या विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे, तेव्हा तिची ती तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या, नवऱ्याचीही. रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहच असतं असं नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम, गटातल्या बायकांचं नाही.

सासूबाईंची हौस मोडू नका. जास्वंद देवाला आणि केसांच्या तेलाला राहू द्या, त्यांना अंबाडीचं सरबत करून द्या. फुलांच्या जाड लाल पाकळ्या सोलायच्या, आतलं बियांचं बोंड टाकून द्यायचं, पाकळ्या धुऊन पाण्यात उकळायच्या आणि गाळून थोडा गूळ घालायचा. साखरेचा आजार असेल तर गूळही नको. बीपीवाल्यांनी वरून मीठ घालू नये.

अंबाडी आपल्याकडे वावराच्या धुऱ्यावर असते, आणि शेजारीच पऱ्हाटीवर फवारणी चालते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते तुम्हाला सांगायला नको. तसल्या धुऱ्यावरची फुलं नुसती धुऊन भागत नाही, ती घेऊच नका. येत्या पावसाळ्यात चार दाणे परसात टोचा, दिवाळीच्या सुमारास घरची फुलं हाताशी येतील.