कोणाचाही धक्का न लागता टाचेमागची कंडरा तुटू शकते का?

आपण विचारले आहे की, फुटबॉल खेळताना मागून जोराची लाथ बसल्यासारखे वाटले आणि टाचेमागची कंडरा तुटली, परंतु मागचा बचावपटू आपण स्पर्शही केला नाही असे शपथेवर सांगतो; तर त्याचे खरे मानावे का, आणि शस्त्रक्रिया करावीच लागते का. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, तो बहुधा खरेच बोलत आहे. मी हे ठामपणे लिहितो, कारण त्याच्या जागी एकदा मी होतो.

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉलमध्ये पेठा किती गुंतलेल्या असतात, हे वेगळे सांगायला नको. शाहू स्टेडियमवरील एका सामन्याच्या उत्तरार्धात समोरच्या संघाचा आघाडीचा खेळाडू उभ्या जागेवरून चेंडूकडे झेपावला आणि पहिल्याच पावलाला कोसळला. मी त्याच्या मागे होतो, पण आमच्यात चांगले दोन पावलांचे अंतर होते. पडतानाच त्याने वळून माझ्याकडे पाहिले आणि ‘मागनं मारलं’ म्हणून तो ओरडला. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर तसेच जाणवले होते. पंचांनी कार्ड काढले नाही, तरी प्रेक्षकांनी मला दोषी ठरवून टाकले. पुढे कित्येक वर्षे पेठेत माझी ओळख ‘त्याचा पाय मोडणारा’ अशीच राहिली, माझ्या वडिलांना चहाच्या गाड्यावर लोकांनी ऐकवले, आणि माझ्याच तालमीतील जाणत्यांनी ‘झालं ते झालं, जाऊन माफी माग’ असा सल्ला दिला. मी माफी मागितली नाही आणि मागणारही नाही.

पोटरीचे दोन मोठे स्नायू याच कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. शरीरातील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा असूनही ती तुटते, आणि तीही बहुतेकदा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, जेथे तिला रक्तपुरवठा कमी असतो. अचानक झेप घेताना पोटरी जोराने आखडते, त्याच क्षणी घोटा वर ढकलला जातो, आणि आधीच झिजलेले तंतू तो ताण पेलू शकत नाहीत. ‘फट्’ असा आवाज येतो आणि मागून कोणीतरी लाथ घातली असे वाटते. तपासणाऱ्या डॉक्टरांना हे वर्णन नवे नसते. मार्च २०१० मध्ये मिलानकडून खेळताना डेव्हिड बेकहॅमची हीच कंडरा कोणाचाही धक्का न लागता तुटली आणि त्याचा विश्वचषक हुकला. हे उदाहरण मी अनेकांना दिले आहे. बेकहॅमबद्दल ते सर्वांना पटते, आमच्या पेठेतील खेळाडूबद्दल कोणालाच पटत नाही.

तुटणे एका क्षणात घडले, तरी त्याची तयारी अनेकदा आधीपासून चाललेली असते. सकाळी अंथरुणातून उठताना टाचेमागे आखडणे, चार पावले चालल्यावर ते मोकळे होणे, कंडरा चाचपल्यावर जाड लागणे, ही तिची झीज होत असल्याची लक्षणे आहेत. महिनोन्महिने बैठे काम करून हंगामाच्या तोंडावर एकदम सराव वाढवणे, तिशी-चाळिशीत विशीतला खेळ खेळू पाहणे, कंडरेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणे, यांनी धोका वाढतो. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनीही कंडरा कमकुवत होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. तो खेळाडू पुढे एका लग्नात भेटला, तेव्हा त्याने स्वतःच सांगितले की, तो सबंध हंगाम तो रोज सकाळी लंगडत होता आणि इंजेक्शन घेऊन खेळत होता. हे त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, पेठेत मात्र कधीच नाही.

प्रत्यक्ष मारानेही ही कंडरा तुटू शकते, हे मान्य केले पाहिजे. मात्र तसा मार बसला असेल, तर कातडीवर खरचटणे, बुटाच्या खिळ्यांचे ठसे, जखम असे काहीतरी दिसण्याची शक्यता असते. आपल्या पायावर त्यातले काहीच नसेल, तर त्या मुलाला दोष देऊ नये.

शस्त्रक्रियेबाबत एवढेच सांगतो की, ती प्रत्येकाला करावी लागत नाही. पाऊल खाली झुकवून प्लास्टर किंवा विशेष बूट घालूनही कंडरा जुळते. त्यात पुन्हा तुटण्याची शक्यता थोडी अधिक, तर शस्त्रक्रियेत जखम चिघळण्याचा धोका असतो. निर्णय वय, खेळ आणि तुटलेल्या टोकांमधील अंतर पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी घ्यावा, आणि तो लांबवू नये. तालमीत तेल लावून रगडून घेणे मात्र पूर्णपणे टाळावे. पाऊल थोडेफार हलते म्हणून नुसते मुरगळले असे समजणेही चुकीचे आहे, कारण इतर स्नायू ते हलवू शकतात. पालथे झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हलत नसेल, तर कंडरा तुटली आहे असेच धरावे.

आणि त्या बचावपटूची खात्री पटली, तर ते त्याला एकट्याला फोनवर सांगू नका. दोन्ही संघ जमले असताना, सर्वांसमोर सांगा.