बाराखडी तोंडपाठ, पण ‘कान’ वाचता येत नाही

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची आहे. बाराखडी घडाघडा म्हणते. पण ‘कान’ शब्द दाखवला की ‘क ला काना का’ म्हणून अडते. पानभर गिरवायला दिलं की रडते. काय करावं?

उत्तर: बाराखडी तिला गाण्यासारखी पाठ आहे. नुसतं ‘मी’ लिहून विचारून पाहा. बहुधा ती मनात ‘म मा मि मी’ म्हणत तिथवर येईल. म्हणून महिनाभर बाराखडी बाजूला ठेवा आणि चारच अक्षरं घ्या: म, क, न, र. ती पक्की झाली की काना द्या. तेवढ्यावर मामा, काका, मान, मका, रान, कमान असे ओळखीचे शब्द वाचता येतात, आणि ‘मला वाचता येतं’ हे मुलाला लवकर कळणं फार मोलाचं आहे.

अक्षरांच्या चिठ्ठ्या करा. काना वेगळ्या चिठ्ठीवर. क, काना, न अशा मांडा. आता काना जागेवरच ठेवून क आणि न यांची अदलाबदल करा: कानाचं नाक होतं! हे तिला स्वतःच्या हातानं करू द्या. सुरुवातीला ती शेवटचा ‘न’ पूर्ण उच्चारेल. चूक काढू नका, ‘आता भरभर म्हण’ एवढंच सांगा. शब्द तिच्याच कानाला ओळखू येईल.

पुढे दुसरी वेलांटी घ्या, पहिली नंतर. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो, म्हणून ‘किनारा’सारख्या शब्दात मुलं हमखास अडखळतात.

गिरवणं तूर्त थांबवा. ठिपके जोडताना मूल ठिपक्यांकडे बघतं, वळण हाताला लागत नाही. पाटीवर तळहाताएवढं अक्षर काढा, सुरुवातीला ठळक टिंब द्या आणि त्यावरून बोट फिरवायला सांगा. मग खडूचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, आपसूक तीन बोटांत येतो. व, ब, क एका वळणाची, ती सोबत घ्या. शिरोरेषा पूर्ण शब्द लिहून झाल्यावर एकदम ओढायची. रोज पाच मिनिटं पुष्कळ झाली.

प्रश्न: सहा वर्षांचा मुलगा घ-ध, भ-म यांत गोंधळतो. काही अक्षरं उलटीही काढतो. काळजीचं आहे का?

उत्तर: या वयात नाही. अशा जोड्या एकत्र शिकवू नका. घ पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी ध घ्या. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, ती फट रंगवायला द्या. पण ‘मका’ या शब्दाची सुरुवात कोणत्या आवाजानं होते, हेही नुसतं ऐकून सांगता येत नसेल, तर आधी कान तपासून घ्या.