वावर आजोबांचं, सही माझी?

प्रश्न : नमस्कार, मी नागपूरला मानेवाड्यात राहते, माहेर कळमेश्वर तालुक्यातलं. आजोबांचं 9 एकर वावर आहे, अर्ध्यात संत्रा होता, झाडं वाळली तेव्हापासून ठेक्याने दिलंय. आजोबा 1987 ला गेले, आजी त्याआधीच. तेव्हा सातबाऱ्यावर मोठेबाबांचं अन् बाबांचं नाव चढलं (दोन आत्या आहेत, त्या कधी काही मागत नाहीत). बाबा 2003 ला वारले, मग आईचं अन् भावाचं लागलं, माझं नाही. आता चुलत भाऊ म्हणतो ले-आउटवाला चांगला भाव देतोय, सगळं विकून टाकू, आणि भाऊ म्हणतो ताई तू फक्त हक्कसोडवर सही कर. माझं लग्न 1996 चं, बाबा 2005 च्या कायद्याआधी गेले म्हणून तुला हिस्साच नाही असं गावात सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : ताई, आधी सही थांबवा, मग निवांत बोलू.

गावात सांगतात ते जुनं झालं. 2020 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये स्पष्टच केलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, कायदा लागू झाला त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तर तो उकरता येत नाही. आणि गंमत बघा, आपल्या महाराष्ट्राने तर 22 जून 1994 लाच मुलींना हा हक्क दिला होता, तेव्हा लग्न झालेल्यांना वगळून, अन् तुमचं लग्न 1996 चं!

हे झालं वावर वडिलोपार्जित असेल तर. आजोबांनी स्वतः घेतलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या वारसा कायद्याने 1987 लाच चार सारखे हिस्से पडले, मोठेबाबा, बाबा आणि दोन्ही आत्या. बाबांचे सव्वादोन एकर म्हणजे 90 गुंठे, ते आई, भाऊ, तुम्ही, तिघांत 30-30 गुंठे. वडिलोपार्जित असेल तर गणित वेगळं, पण हिस्सा राहतोच.

आत्यांचं तुम्ही कंसात लिहिलं ते मला खटकलं, खरं सांगतो. तुमचं नाव भावाने गाळलं तसंच त्यांचं तुमच्या बाबांनी गाळलं ना. तेव्हा पद्धतच होती, पटवाऱ्यापुढे 'बहिणींना काही नको' म्हटलं की फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांत बदलाची नोंद) झाला. पण तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही, हक्कसोड रजिस्टरच लागतं, आणि सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे, ती महसुलाची नोंद आहे. म्हणून 1987 आणि 2003 चे फेरफार काढा आणि त्यात नेमकं काय लिहिलंय ते बघा. वावर आजोबांच्याही आधीचं असेल तर तहसीलमधून जुने अधिकार अभिलेख अन् बंदोबस्ताचे कागद (इंग्रजांच्या काळी जमीन मोजून सारा ठरवला त्याच्या नोंदी) मागा, नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं.

विक्रीचं म्हणाल तर चुलत भाऊ स्वतःपुरता हिस्सा विकू शकतो, तुमचा नाही. आजोबांच्या वारसांपैकी कोणी हिस्सा विकत असेल तर त्याच वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बाकीच्या वारसांना आधी घ्यायचा हक्क आहे, 2019 ला सुप्रीम कोर्टाने तो शेतजमिनीलाही लागू आहे म्हटलं. विक्रीची नोंद आलीच तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत द्या. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 ची वाटणी स्वस्तात होते, नसतील तर दिवाणी कोर्ट आहेच आणि तिथे वर्षं जातात बाप्पा.

मला स्वतःला विकण्याचं वावडं नाही. संत्रा वाळला, मुलं नागपूरला, ठेक्याचे पैसे वर्षाला किती येतात तुम्हाला माहीत आहेच. पण शहाणा ले-आउटवाला आत्यांची सही मागेलच, आणि न मागता घाईने इसार देत असेल तर तोच मला जास्त संशयाचा वाटतो. भावाशी भांडण्याआधी आत्यांना फोन करा, 1987 ला घरात काय ठरलं होतं ते आता त्यांनाच आठवत असेल.