धरमशालेच्या मॅक्लिओडगंजमधल्या तिबेटी नाच-गाण्याच्या शाळेत (टिपा) आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला काही बघायला मिळतं का?

मिळतं, पण म्युझियम बघायला जातो तसं गेलात तर हिरमोड होईल. टिपा म्हणजे तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, मुलं-मुली तिथेच राहून शिकतात, त्यामुळे आधी ऑफिसमध्ये विचारायचं, प्रॅक्टिस चालू असेल आणि हो म्हणाले तर कडेला गपचूप बसायचं, मोबाईल खिशात. मी गेले तेव्हा एका खोलीत मास्तर एकच ओळ गाऊन दाखवत होते, मांडीवर हाताने ठेका, आणि समोरची मुलगी ती परत परत म्हणत होती. तो आवाज आपल्या गाण्यासारखा नाही, वरच्या पट्टीत लांबवर फेकलेला आणि मधेच गळ्यात थरथरवलेला, सुरुवातीला कानाला टोचतो पण बसा थोडं, नंतर सोडवत नाही.

आणि जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात आले आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे लोकांना धड राहायला जागा नव्हती तेव्हा, कालिम्पोंगला ही संस्था सुरू झाली, पुढे धरमशालेला आली. तिकडे तिबेटात चीनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हे नाच-गाण्याचे खेळ बंदच पडले, म्हणून इकडे पळून आलेल्या जुन्या कलाकारांच्या डोक्यात जेवढं होतं ते मुलांच्या तोंडी उतरवणं हाच मार्ग होता. मला सगळ्यात मोठं काम हे वाटतं, बिल्डिंग वगैरे नंतर.

जमलं तर प्रयोगाच्या दिवसांत जा. त्यांचा शोतोन उत्सव असतो, बहुतेक वेळा मार्च-एप्रिलच्या आसपास, तारीख दरवर्षी बदलते म्हणून त्यांच्या पेजवर बघूनच तिकीट काढा. तेव्हा ल्हामो बघायला मिळतं, त्यांचं संगीत नाटक, दिवसभर चालतं. स्टेज नाही, मोकळ्या मैदानात वर कापडी छत, मधे थांगतोंग ग्याल्पोची प्रतिमा (लोखंडी साखळ्यांचे पूल बांधणारे साधू, ल्हामो त्यांनीच सुरू केलं असं मानतात), लोक चारी बाजूंनी बसलेले आणि साथीला फक्त ढोल आणि झांजा. आपल्याकडे गण-गवळण झाल्यावर वग सुरू होतो ना, तसं इथे आधी निळे मुखवटे घातलेले शिकारी येऊन जागा शुद्ध करतात, मग मूळ गोष्ट. ते शिकारी गिरक्या घ्यायला लागले की कमरेच्या दोऱ्या आडव्या उडून चाकासारख्या फिरतात, ते चुकवू नका, उशिरा गेलात तर हेच हुकतं.

भाषा कळत नाही म्हणून घाबरू नका, एक जण भराभर कथा सांगत जातो, शेजारच्या आजींना विचारलं तर त्या हिंदीत सांगतात, मला तरी सांगितलं. आणि काही गोष्टी आपल्या ओळखीच्या निघतात. द्रिमे कुंदेन नावाचं नाटक म्हणजे विश्वंतर जातक (बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट), सगळं दान करत सुटलेला राजपुत्र, मुलंबाळंसुद्धा देऊन टाकतो, तिबेटी नाटकात तर डोळेही देतो. हीच गोष्ट अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात रंगवलेली आहे! मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कुठे वाघूर नदी आणि कुठे धौलाधारचे डोंगर.

शोतोन जमत नसेल तर ६ जुलै, दलाई लामांचा वाढदिवस, टिपाचे कलाकार मुख्य मंदिरात नाचतात, पण पाऊस धो धो असतो, छत्री लागेलच. शाळा मॅक्लिओडगंज चौकातून धरमकोटच्या बाजूला वर आहे, चालत जाता येतं, चढ आहे पण. आणि टॅक्सीवाल्याला नीट सांगा, बरेच जण नोरबुलिंकाला नेऊन सोडतात, ती तिबेटी कलांची दुसरी संस्था, खाली सिद्धपूरला, तिथे थांका (कापडावरची बौद्ध चित्रं) आणि लाकूडकाम शिकवतात, छानच आहे पण त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा.