मंदी आली की नोकऱ्या जास्त कुणाच्या जातात, पुरुषांच्या की बायकांच्या?

मंदी कुठल्या धंद्यावर आदळते, त्यावर ते ठरतं. 2008 च्या मंदीत अमेरिकेत बांधकाम आणि कारखाने बसले, म्हणून तिथे पुरुषांची बेकारी जास्त वाढली. 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत उलटं झालं: फटका घरकाम, पार्लर, छोट्या शाळा यांना बसला.

आपल्या ठाण्यातच बघा. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्यांनी घरकामाच्या ताईंना गेटवरच अडवलं. कुणी पगार चालू ठेवला, पुष्कळांनी नाही. वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप उघडलं की कामगाराला बोलावणं तरी यायचं. या बायकांची सुटलेली घरं सुटलीच, त्यात शाळा बंद, पोरं घरात. कामावर जायचं कसं?

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2021 च्या अहवालानुसार आधी कामावर असलेल्यांपैकी काम जाऊन 2020 अखेरपर्यंत न परतलेले पुरुष 7 टक्के होते, बायका 47 टक्के. केवढी तफावत ही!

आणि बेकारीच्या दरात हे धड दिसतही नाही. काम शोधणाऱ्याला किंवा काम करायला तयार असलेल्यालाच त्यात बेकार धरतात. पोरं सांभाळायला घरी बसलेली बाई त्या हिशेबातच नसते. त्यामुळे नुसता बेकारीचा दर बघू नका, प्रत्यक्ष किती बायका कामावर आहेत तो आकडा बघा.