घरातील शुश्रूषेची पाहणी : नव्या सहकाऱ्यास सल्ला

पाहणीला गेल्यावर नोंदवही उघडण्याआधी रुग्णाच्या टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा पाहा. तिथली लाली बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, आणि दर 2 तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी कितीही सुबक असल्या तरी त्या पुन्हा तपासाव्याच लागतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ऊब व कडकपणा हाताने जाणून घ्या.

लातूर-बीडच्या उन्हाळ्यात ओठ आणि जीभही पाहा. लघवीला कोणाला उठवायला नको म्हणून म्हातारी माणसे पाणीच टाळतात.

घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवून, अंग पुसताना दार लोटतात का, हे रुग्णालाच विचारा. एका आजींनी यावर उत्तर न देता पदर घट्ट ओढून घेतला. मी तेच अहवालात लिहिले.