गट पाडले की बीजगणित येतं का? माझा अनुभव

तुमच्या नववीला ५८ पोरं आहेत, हेडसर म्हणतात छोटे गट करून शिकवा, तर त्याने बीजगणिताचे मार्क वाढतात की नुसता गोंगाट, असं विचारलंयत. मॅडम, दोन्ही वाढतं, पण गोंगाट आधी.

मी पहिल्या वर्षी चाचणीच्या मार्कांवर गट पाडले, हुशार-मध्यम-कच्चे, आणि सपशेल आपटलो. कच्च्या गटात ९ पोरं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. एकाला पाढे येत नाहीत म्हणून मधल्या पदाची फोड अडते, एकीला अवयव पाडता येतात पण अपूर्णांक दिसला की पेन खाली, एक जण वजा ३ कंसात एक्स वजा २ सोडवताना बिनधास्त शेवटी अधिक ६ च्या जागी वजा ६ लिहितो. त्यांना एकत्र बसवून मी तोच धडा परत हळूहळू शिकवला, दुसरं काय करणार. वर आठवडाभरात वर्गाने त्या गटाला नाव पाडलं ते वेगळंच.

आता मार्क बघत नाही, चूक बघतो. तास संपताना एकच गणित चिठ्ठीवर, सगळ्या पायऱ्यांसकट, आणि घरी चहा घेता घेता चुकीप्रमाणे चिठ्ठ्यांचे ढीग. कंसाबाहेरच्या वजाचा ढीग निघाला की ती ५-६ पोरं दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर माझ्याजवळ, १२ मिनिटं, बाकीच्यांना सरावसंच. त्या १२ मिनिटांत मी खडूला हात लावत नाही, पोरं लिहितात आणि मी पेन कुठे थबकतंय ते बघतो. दोन दिवसांनी गट मोडतो. कधीकधी पहिल्या नंबरवालाही त्या ढिगात सापडतो, मग 'ढ गट' वगैरे भानगडच उरत नाही.

शिकागोच्या सरकारी हायस्कूलांत नववी-दहावीच्या पोरांना एका ट्यूटरमागे दोघं असं रोज शाळेच्या वेळेतच शिकवलं, मुलं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली होती, आणि गणिताचे मार्क खरंच वाढले. पण तिथे ट्यूटर वेगळा होता हो, आपण ५८ जणांत एकटे. माझ्याकडे ४० च्या पेपरात ८-१० वर अडकलेली पोरं १५-१६ पर्यंत आली, ३० च्या वरच्यांना काही फरक नाही.

सुरुवात कंसाबाहेरच्या वजापासूनच करा, तोच पुढे दहावीला क्रेमरच्या पद्धतीत, म्हणजे दोन समीकरणं एकदम सोडवायच्या रीतीत, निश्चयक (तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) काढताना घात करतो. आणि गोंगाटाचं म्हणाल तर सरावसंचाची उत्तरं आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे दर मिनिटाला "बरोबर आहे का बघा ना" म्हणत कोणी उठून येत नाही.